सात निगेटिव्ह रिपोर्ट

"मॅडम, ह्यातला एकही खरा नाही," म्हणत त्याने टेबलावर फाइल ठेवली. आत सात रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले. सगळे निगेटिव्ह. पहिला लॉजवरच्या त्या रात्रीनंतर पाचव्या दिवशीचा, शेवटचा आदल्या आठवड्यातला. मधे आठ महिने गेले होते.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, मी समुपदेशक आहे. एचआयव्हीची चाचणी करायच्या आधी आणि नंतर माणसाशी बोलायचं, हे माझं काम. हे लिहायची परवानगी मी त्याच्याकडून घेतली आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सोमवार होता. सोमवारी गरोदर बायकांची तपासणी असते, दाराबाहेर रांग लागलेली. खरं सांगते, फाइल चाळून मी त्याला वाटेला लावणार होते. आठ महिन्यांनंतरही निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्हच, त्यात शंकेला जागा नाही. तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या गळ्याकडे गेलं. जबड्याखाली दोन्ही बाजूंना कातडी लाल झालेली, डावीकडे तर सोललेली. बोलता बोलता दोन बोटं सारखी तिथेच जात होती.

"गाठ आलीय का बघतो."

"दिवसातून किती वेळा?"

"मोजलं नाही मॅडम. झोपेतपण हात जातो."

शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी, थर्मामीटर होतं.

मी दार लावून घेतलं. रांगेतल्या बायकांना सिस्टरनी सांभाळलं.

त्या रात्री कंडोम फाटला होता. बाई कोण, कुठली, काही माहीत नाही. पाचव्या दिवशी तो एका खासगी लॅबमध्ये गेला. त्यांनी पैसे घेतले, रक्त घेतलं, संध्याकाळी कागद हातात दिला. इतक्या लवकर केलेल्या चाचणीला अर्थ नसतो, हे त्याला कुणीही सांगितलं नाही. मला त्या लॅबचा आजही राग येतो. एचआयव्ही शरीरात शिरला तरी चाचणीत दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून आम्ही तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतो. तो ७२ तासांच्या आत आमच्याकडे आला असता तर प्रतिबंधक गोळ्यांचा विचार करता आला असता, २८ दिवसांचा कोर्स असतो. हे सगळं त्याला कळलं ते रात्री दोन वाजता, मोबाइलवर, एकट्याला. पहिला रिपोर्ट फुकट गेल्याचं कळलं आणि पुढच्या सहांवरचाही विश्वास उडाला.

मी त्याला आकडा सांगितला. बाई पॉझिटिव्ह असती, तिचे उपचार चालू नसते, तरी एका वेळच्या अशा संबंधातून पुरुषाला लागण व्हायचं प्रमाण साधारण १०,००० वेळांत ४ इतकं आहे. वाटलं, धीर येईल.

तो म्हणाला, "ते चार कोण असतील मॅडम?"

तेव्हापासून घाबरलेल्या माणसापुढे मी आकडा पहिल्यांदा ठेवत नाही.

मग हळूहळू बाकीचं निघालं. घरात त्याने ताट, पेला, टॉवेल वेगळा केला होता. भावाच्या मुलीला मांडीवर घेणं बंद केलं होतं. पेल्याने, टॉवेलने, मांडीवर घेतल्याने एचआयव्ही होत नाही, हे तो मलाच पाठ म्हणून दाखवत होता. माहिती कमी नव्हतीच. लॉजवर गेला त्याच्या दोन महिने आधी त्याचा साखरपुडा झाला होता.

"रिपोर्ट निगेटिव्ह आला की वाटतं, मी सुटलो कसा? सुटायला नको होतं."

मग म्हणाला, "पॉझिटिव्ह होऊन जगण्यापेक्षा मेलेलं बरं."

त्याच क्षणी दाराबाहेरच्या बाकावर एक ताई गोळ्यांसाठी बसल्या होत्या. अकरा वर्षं उपचारांवर आहेत, विषाणूचं प्रमाण तपासणीत सापडत नाही इतकं कमी, मुलगा बारावीला. त्यांच्याबद्दल मी त्याला काही सांगू शकत नव्हते. कायद्याने नाही आणि मनानेही नाही. पण ते वाक्य मला लागलं. तरी आधी ते ऐकून घ्यायला हवं होतं.

"जीव द्यावासा वाटतो का तुला?" तुम्हीवरून मी तूवर कधी आले, कळलं नाही.

मान हलली. "आठवडाभर तेच डोक्यात आहे."

असं थेट विचारलं तर माणसाच्या डोक्यात तो विचार भरतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. त्याचे खांदे खाली आले आणि तो रडला. मी त्याला एकटं सोडलं नाही. मेडिकल ऑफिसरांना खोलीतच बोलावलं, त्याच्या संमतीने भावाला फोन केला. भावाला एवढंच सांगितलं की मन फार खचलंय, सोबत हवी. एचआयव्हीचा उच्चारही केला नाही. त्याच दुपारी दोघे सिव्हिलला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. रात्री-अपरात्रीसाठी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मी त्याच्या मोबाइलमध्ये माझ्यासमोर साठवायला लावला.

तिकडे औषधं सुरू झाली. आजाराच्या भीतीचाही आजार असतो आणि त्यावर उपचार असतात, हे त्याला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं. डॉक्टरांनी मला एक काम दिलं. तो चाचणी मागायला आला तर नाही म्हणायचं नाही, पुढच्या मंगळवारवर ढकलायचं. गळ्याला हात गेला की वहीत रेघ मारायची, हे त्याचं काम.

पहिल्या मंगळवारी वहीत एका दिवसाच्या १४० रेघा होत्या. चाचणी मागितली. मी पुढच्या मंगळवारची वेळ दिली. तो आला, पुन्हा मागितली, पुन्हा वेळ घेऊन गेला. सहाव्या मंगळवारी बावीस रेघा होत्या. बराच वेळ बसला. भावाच्या मुलीला शाळेत सोडून आलोय, म्हणाला. होणाऱ्या बायकोला काय सांगायचं, ते अजून ठरत नव्हतं. त्यावर आम्ही बोललो.

उठताना मीच विचारलं, "चाचणी?"

"पुढच्या मंगळवारी बघू," म्हणाला. डावीकडच्या सोललेल्या जागी खपली धरली होती.