कुलूप मी लावलं होतं

शनिवार, रात्र

आज दादाने ती हार्ड डिस्क आणून दिली. जाड कागदात गुंडाळलेली, वर त्याच्याच अक्षरात पेनाने लिहिलेलं: "2011, फेकू नये." हे त्याने कधी लिहिलं असेल? बहुधा कॉम्प्युटर मोडीत काढला तेव्हाच. म्हणजे इतकी वर्षं त्याच्याही मनात ते होतं आणि तो मला एका शब्दाने बोलला नाही.

तो बोलला नाही, म्हणूनच मला हे शोधायचंय. कारण त्या डिस्कवरच्या बिटकॉइनच्या वॉलेटला पासफ्रेज, म्हणजे लांब पासवर्ड, मी घातला होता.

2011च्या जून-जुलैमध्ये दादाच्या ग्राफिक्स कार्डवर आम्ही रात्ररात्र माइनिंग, म्हणजे नवे बिटकॉइन मिळवण्यासाठीची आकडेमोड, चालू ठेवायचो. तेव्हा एका ब्लॉकमागे, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्यामागे, 50 बिटकॉइन मिळायचे, पण एकट्याच्या कार्डाला अख्खा ब्लॉक सापडणं कठीण झालं होतं. म्हणून आम्ही एका पूलमध्ये शिरलो. सगळ्यांनी मिळून शोधायचं आणि ज्याने जेवढं काम केलं तेवढा वाटा त्याला. आमच्या वाट्याला अगदी बारीक तुकडे यायचे. सकाळी उठून आकडा किती पुढे सरकला ते आधी कोण बघतं यावर आमची भांडणं व्हायची.

त्याच जूनमध्ये बातमी वाचली, की एकाच्या कॉम्प्युटरवरून 25,000 बिटकॉइन चोरीला गेले. तेव्हा वॉलेटच्या फाइलला कुलूपच नसायचं. 'वॉलेट डॉट डॅट' नावाची ती एक फाइल ज्याच्या हाती लागेल, पैसे त्याचे. मला ती बातमी फार लागली. सप्टेंबरमध्ये बिटकॉइनच्या प्रोग्रॅमची 0.4.0 ही आवृत्ती आली आणि तिच्यात वॉलेट एन्क्रिप्ट करायची, म्हणजे कुलूपबंद करायची, सोय आली. मी त्याच आठवड्यात ते केलं. चांगला लांबलचक पासफ्रेज घातला. दादा मागून म्हणाला होता, "लिहून ठेव गं." मी म्हटलं, "माझ्या लक्षात राहील."

नाही राहिला.

रविवार

आज डिस्कला हात लावला नाही. आधी पत्ता शोधला.

पूलमध्ये नाव नोंदवताना पैसे कुठे पाठवायचे तो पत्ता द्यावा लागायचा, आणि त्याची पोच मेलवर आली होती. जुन्या मेलबॉक्समध्ये दोन तास घालवल्यावर ती सापडली. 1ने सुरू होणारा तो वेडावाकडा पत्ता बघितल्या बघितल्या ओळखला. तेव्हा तो रोज डोळ्यांखालून जायचा.

बिटकॉइन डिस्कवर नसतातच, हे मला कळायला तेव्हाही वेळ लागला होता. त्यांची नोंद जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांवर एकसारखी असलेल्या खातेवहीत असते. आपल्या फाइलमध्ये असते ती फक्त की, म्हणजे किल्ली: त्या नोंदीवर सही करण्याचा अधिकार. वही सगळ्यांना उघडी आहे. पत्ता टाकून बघायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि नुसता पत्ता दाखवल्याने काही बिघडतही नाही.

टाकला. चौदा वेळा आलेले तुकडे, एकूण 1.4च्या जरा वर. शेवटची नोंद जुलै 2011ची. त्यानंतर बाहेर काहीच गेलेलं नाही.

बराच वेळ ते पान तसंच उघडं ठेवून बसले. आहेत. जिथे ठेवले होते तिथेच आहेत. हरवलेली वस्तू कुठे आहे ते कळतच नाही, आणि आपण जागोजागी धुंडाळत राहतो. इथे ती मला दिसतेय, मोजता येतेय, आणि ती माझी आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. ओळखपत्र दाखवून, अर्ज करून, विनवण्या करून उघडेल असं दारच तिथे नाही. ती व्यवस्था बनवतानाच तसं ठरवलेलं आहे, आणि मला ते तेव्हा फार आवडलं होतं. खरं सांगायचं तर आजही आवडतं.

दादाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: "मी पण मधूनमधून बघतो."

सोमवार

डिस्क साडेतीन इंची आहे. माझ्याकडच्या साध्या यूएसबी केबलवर ती फिरेचना, कारण तिला 12 व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. संध्याकाळी अडॅप्टरवाला डॉक मिळाला. जोडताना हात थरथरत होते. आधी एक लांब घरघर आणि मग एकसारखा आवाज. ठकठक नाही. ठकठक झाली असती तर लगेच बंद करून तज्ज्ञाकडे न्यायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं. हेड खराब झालेली डिस्क फिरवत ठेवली की ते हेड आतल्या तबकड्या खरवडतं आणि जे उरलंय तेही जातं.

ती उघडून फोल्डर बघायचा मोह फार होतो. पण नुसतं उघडलं तरी ऑपरेटिंग सिस्टिम काही ना काही लिहिते. म्हणून डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली आणि डीडीरेस्क्यू लावलं. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग पूर्ण उतरवून घेतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर पुन्हापुन्हा वळतं. कुठे अडलं याची नोंद एका फाइलमध्ये ठेवत जातं, त्यामुळे मध्येच थांबवलं तरी पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. 500 जीबी आहेत. रात्रभर चालेल.

झोप येणार नाही, म्हणून हे लिहितेय.

मंगळवार

प्रत झाली. थोडे सेक्टर वाचता आले नाहीत, बाकी सगळं आलं. मूळ डिस्क परत कागदात गुंडाळून कपाटात ठेवली. आता जे करायचं ते प्रतीवर, आणि तेही नेटपासून तोडलेल्या लॅपटॉपवर.

फाइल सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. अ‍ॅप्लिकेशन डेटाच्या फोल्डरमध्ये, बिटकॉइन नावाच्या फोल्डरात, जिथे असायला हवी तिथेच. वॉलेट डॉट डॅट. तारीख सप्टेंबर 2011. मी कुलूप लावलं त्याच दिवसाची असणार.

बुधवार आणि गुरुवार मिळून लिहितेय

दोन दिवस पासफ्रेज आठवण्यात गेले. मला माहीत आहे की तो दोन किंवा तीन शब्दांचा होता, मध्ये आकडे होते, आणि निदान एक शब्द मराठी होता, इंग्रजी अक्षरांत लिहिलेला. तिथेच घोळ आहे. 'पाऊस' हा एक शब्द इंग्रजी अक्षरांत किती तऱ्हांनी लिहिता येतो! मी तेव्हा कसा लिहिला असेन? सगळे शब्द, त्यांची सगळी स्पेलिंगं, त्या वर्षी माझ्या डोक्यात असलेले सगळे आकडे यांची यादी केली. ती घेऊन एकेक जुळणी करून बघणारा एक प्रोग्रॅम आहे, तो लावला.

हे काम हळू चालतं, आणि ते मुद्दाम हळू ठेवलेलं आहे. पासफ्रेज टाकला की त्यावर एसएचए-512 हे गणित हजारो वेळा फिरवलं जातं, कमीत कमी 25,000 वेळा, आणि मगच कळतं की बरोबर की चूक. चोराने लाखो अंदाज झटपट करून बघू नयेत म्हणून ही आडकाठी. आज ती माझ्याच वाटेत आहे.

गुरुवारी संध्याकाळी यादी संपली. काही नाही.

रात्री स्टेफान थॉमस या प्रोग्रॅमरबद्दल पुन्हा वाचलं. त्याचे 7,002 बिटकॉइन आयर्नकी नावाच्या पेनड्राइव्हमध्ये अडकलेत. ते उपकरण फक्त 10 अंदाज करू देतं, आणि 2021मध्ये त्याची गोष्ट सगळीकडे आली तेव्हा त्याचे 8 संपले होते. आणि वेल्समधल्या न्यूपोर्टचे जेम्स हॉवेल्स. त्यांची डिस्क 2013मध्ये कचऱ्यात गेली, तिच्यावर 8,000 बिटकॉइनची की. अकराहून जास्त वर्षं ते ती कचराभूमी खणायची परवानगी मागत राहिले. जानेवारी 2025मध्ये कोर्टाने त्यांचा दावा काढून टाकला. लोक या दोघांना आकड्यांमुळे लक्षात ठेवतात. मला त्या रात्री त्यांच्या रात्री दिसत होत्या. आमची फाइल निदान अंदाज मोजत नाही, आणि डिस्क माझ्या कपाटात आहे.

याच शोधात दोन ठिकाणी 'फाइल आमच्याकडे पाठवा, उघडून देतो' असं लिहिलेलं दिसलं. असं काम प्रामाणिकपणे करणारेही आहेत. पण अनोळखी माणसाला फाइल आणि शब्दांची यादी दोन्ही दिली, की त्याने उघडल्यावर आपल्याला सांगितलंच पाहिजे असं काही नाही. ते पान बंद केलं.

शुक्रवार, मध्यरात्र उलटून गेली आहे

सगळं नीट क्रमाने लिहायला हवं.

संध्याकाळी काही सुचत नव्हतं म्हणून त्या काळच्या आवृत्त्यांबरोबर येणारी टिपणं वाचत होते. आपण कुठल्या आवृत्तीत काय केलं ते तरी आठवेल, एवढ्याचसाठी. नोव्हेंबर 2011च्या 0.5.0च्या टिपणात एक इशारा आहे. 0.4.0मध्ये आलेल्या एन्क्रिप्शनने की पुरेशा सुरक्षित होत नाहीत, आणि एन्क्रिप्ट केलेल्या फाइलची प्रत हाती लागली तर काही किंवा सगळ्या की उघड्या स्वरूपात परत मिळवता येऊ शकतात, असा.

हे मी तीनदा वाचलं.

झालं होतं असं. वॉलेटची फाइल बर्कली डीबी या डेटाबेसची असते. त्या आवृत्तीने कुलूपबंद की नव्याने लिहिल्या आणि जुन्या, उघड्या की डेटाबेसमधून काढून टाकल्या. पण डेटाबेसमधून काढणं म्हणजे ती जागा 'मोकळी' अशी खूण करणं. खरी अक्षरं त्या जागेवर तशीच पडून राहतात, दुसरं काही वरून लिहिलं जाईपर्यंत. पुढच्या आवृत्तीने हे सुधारलं. ती अशी जुनी फाइल उघडताना पूर्ण नव्याने लिहून काढते आणि ते उरलंसुरलं पुसलं जातं.

आम्ही पुढची आवृत्ती कधी घेतलीच नाही. जुलैनंतर माइनिंग थांबलं होतं, कुलूप लावल्यावर मी तो प्रोग्रॅम पुन्हा उघडला नाही. आणि मंगळवारी फाइल सापडल्यावर ती आजच्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघावी असं माझ्या मनात आलं होतं. तेव्हा ते केलं नाही, हे आठवून आत्ताही पोटात गोळा येतो. प्रतीच्या प्रती होत्याच, पण मला काय हरवलं ते कळलंच नसतं.

त्या काळातली उघडी की फाइलमध्ये ठरावीक साच्यात असते. हेक्समध्ये, म्हणजे फाइलमधला कच्चा मजकूर आकडे-अक्षरांत दाखवणाऱ्या पद्धतीत, बघितलं तर आधी 308201130201010420 हे आकडे येतात आणि त्यांच्या लगेच मागोमाग 32 बाइट, तीच की. हेक्स एडिटरमध्ये तेवढे आकडे शोधायला लावले.

पहिलं ठिकाण सापडलं. मग दुसरं. एकूण 46 ठिकाणी. काहींचा शेवट दुसऱ्या मजकुराखाली गेला होता, पण 29 अख्ख्या होत्या. वॉलेट सुरू करतानाच 100 की राखीव बनवून ठेवायचं, आणि पैसे मात्र आमच्या एकाच पत्त्यावर यायचे. म्हणजे त्या शंभरांतली एकच की हवी होती, आणि माझ्या हातात 29 होत्या. मी कागदावर भागाकार केला आणि मग तो कागद बाजूला सारला.

कीवरून पत्ता काढता येतो, उलटं जाता येत नाही. कीवरून पब्लिक की, म्हणजे सगळ्यांना दाखवता येणारी तिची जोडीदार, तिच्यावर एसएचए-256 आणि त्यावर राइपएमडी-160 ही गणितं, मग तपासणीचे आकडे जोडून 1ने सुरू होणारा पत्ता. छोटा प्रोग्रॅम लिहिला. 29 पत्त्यांची यादी पडद्यावर आली आणि मी वरून एकेक बघत आले. आपला पत्ता शोधायला यंत्राला सांगता आलं असतं, पण मला डोळ्यांनी बघायचं होतं.

सतरावा.

शेवटपर्यंत एकेक अक्षर ताडून बघितलं. मग पुन्हा. मग दादाला फोन केला. एवढ्या रात्री मी कधी करत नाही, त्यामुळे त्याने घाबरूनच उचलला. मला नीट बोलता येईना. "दादा, की मिळाली," एवढंच म्हणाले. तो काहीच बोलेना. फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हॅलो केलं.

"आठवला का तुला पासफ्रेज?" त्याने विचारलं.

"नाही रे. तो अजून नाही आठवला."

मी त्याला सगळं सांगितलं. नोव्हेंबरचं टिपण, मोकळ्या जागा, सतरावा पत्ता. तो मध्येमध्ये "हं" म्हणत राहिला. शेवटी म्हणाला, "अगं, मी 'लिहून ठेव' म्हटलं ना तेव्हा, ते मीच लिहून ठेवायला हवं होतं. मी तिथेच उभा होतो." इतकी वर्षं तो हे धरून बसला होता. मला वाटत होतं की मी एकटीच.

नव्या पत्त्यावर पाठवायचं काम उद्या तो आल्यावर दोघांनी मिळून करायचं ठरलं. आधी अगदी थोडे, ते पोचले की बाकीचे. सकाळी पहिल्या गाडीने निघतोय.

फोन ठेवल्यावर की कागदावर उतरवली. 5ने सुरू होणारी 51 अक्षरं. या लिपीत शून्य आणि मोठा ओ मुद्दाम वगळलेले असतात, हाताने लिहिताना गोंधळ होऊ नये म्हणून. तरीही प्रत्येक अक्षर लिहून झाल्यावर पडद्याशी ताडलं. दोन प्रती केल्या. एक माझ्या वहीत, एक दादासाठी पाकिटात.