पाण्यावरची रांगोळी

दिवाळीच्या दिवसांत गोव्यात फोंड्याला किंवा डिचोलीला रांगोळीचं प्रदर्शन लागलं की सगळी गर्दी चेहऱ्यांच्या रांगोळ्यांपुढे. पाणीदार डोळे, सुरकुत्या, मिशीचा एकेक केस. कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेल्या परातीवरून नजर सहज पुढे सरकते. मग कुणाचा तरी पाय काठाला लागतो, आख्खी नक्षी श्वास घेतल्यासारखी वरखाली होते आणि मागून आवाज येतो, ‘अगे, हें उदकार आसा!’ म्हणजे हे पाण्यावर आहे.

चेहऱ्याची रांगोळी चुकली तर ब्रशनं उचलता येते. इथे तशी सोय नाही, त्यामुळे माझं मत परातीच्या बाजूचं.

सगळा खेळ पृष्ठताणाचा, म्हणजे पाण्याच्या वरच्या थराच्या ताणाचा. परात साबणानं घासली आणि नीट विसळली नाही, तर उरलेला फेणाचा अंश हा ताण मोडतो. पूड काठाकडे पळते नाहीतर तळाला जाते. म्हणून राखेनं घासून भरपूर पाण्यानं धुवावी. परात आधी जागेवर ठेवावी, मग दोन बोटं पाणी भरावं आणि ते पूर्ण स्थिर होऊ द्यावं. पंखा बंद. लाकडी कोळसा कुटून वस्त्रगाळ करावा आणि मलमलीतून हलक्या हातानं चाळत राहावा, पाण्याची चकाकी लपेपर्यंत. या काळ्या थरावर रांगोळी. दगडाची ही पूड एरवी बुडणारीच. कोळशाची साय तिला तोलून धरते. चिमूट पृष्ठभागाच्या अगदी जवळ न्यावी. उंचावरून सोडली किंवा एका जागी जाड पडली की थराला भोक पडतं, खालचं पाणी डोकावतं आणि ठिगळ लावायला गेलं की भोक वाढतं. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या सर्द हवेत तर पूड चिमटीतच गोळा होते; आधी तव्यावर कोमट करून घेतलेली बरी.

न टिकणाऱ्या गोष्टींच्या उपमा जुन्याच. संयुक्त निकाय या बौद्ध पाली ग्रंथातल्या फेनपिंडोपम सुत्तात माणूस ज्या पाच स्कंधांचा बनतो त्यांना अशा उपमा आहेत: रूपाला, म्हणजे शरीराला, फेसाच्या गोळ्याची, वेदनेला, म्हणजे सुखदुःखाच्या संवेदनेला, पावसाच्या बुडबुड्याची, संज्ञेला, म्हणजे ओळखण्याला, मृगजळाची, विज्ञानाला, म्हणजे जाणिवेला, गारुड्याच्या मायेची. संस्कारांसाठी, म्हणजे मनाच्या घडणींसाठी, केळीचा खांब: सोपटं सोलत जा, आत टणक लाकूड म्हणून काही लागत नाही. केळीच्या गाभ्याची भाजी खाणारा गोंयकार इथे हरकत घेईल. पण सुत्तकारानं ती वाट आधीच बंद केली आहे. त्याची केळ कोवळी, अजून न निसवलेली आहे. आतला दांडा तयारच झालेला नाही. अनित्यतेबद्दल बोलणारा माणूस किती काटेकोर असावा, याचा हा नमुना.

हाच काटेकोरपणा वोल्फगांग लाइब या जर्मन कलावंताच्या ‘मिल्कस्टोन’मध्ये आहे. १९७५ पासून तो हे करतो आहे. पांढऱ्या संगमरवराची लादी वरून घासून जेमतेम जाणवेल इतकी खोलगट करायची आणि काठोकाठ दूध ओतायचं. दूध कुठे संपलं नि दगड कुठे सुरू झाला, कळत नाही. काठावर ते थोपून राहतं तेही पृष्ठताणामुळेच. पहिल्यांदा दूध कलावंत ओततो, पुढे रोज संग्रहालयाचे कर्मचारी. संध्याकाळी काढायचं, लादी धुवायची, सकाळी ताजं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारीच बदलावं लागेल. झांग हुआन या चिनी कलावंतानं २०१५ मध्ये सिडनीत चीनमधल्या बौद्ध देवळांतल्या उदबत्त्यांची राख ॲल्युमिनियमच्या साच्यात ठासून बुद्ध उभा केला, सुमारे वीस टन राखेचा. साचा काढला आणि बुद्ध प्रदर्शनभर ढासळत राहिला. पण ढासळण्याआधी तो उभा राहायला हवा होता, आणि खरं काम तेच. नुसतं मोडकं काहीतरी मांडून पाटीवर ‘अनित्य’ लिहिलेलं दिसलं की म्हणूनच चिडचिड होते.

परातीचा फोटो हमखास फसतो. वरून काढला तर पाणी दिसतच नाही, फरशीवरची रांगोळी वाटते. तिरक्या कोनातून, काठ आणि थराचं एखादं भोक दिसेल असा घ्यावा. काही तासांनी कण भिजून बसायला लागतात. तेव्हा आवरतं घ्यावं. पाणी मोरीत ओतू नये, कोळशानं जाळी तुंबते. रात्रभर निवळू द्यावं आणि फडक्यातून गाळावं. रंग रासायनिक असतील तर गाळलेलं पाणीही माडाच्या आळ्यात नको.