बॉल सरळच गेला, साहेब

गोल्फचे नवे आयर्न, म्हणजे लोखंडी पात्याचे क्लब, घेतले आणि पहिलाच शॉट मी झाडीत मारला. डावीकडच्या झाडीत. यात सांगण्यासारखं एवढंच की गेल्या अकरा वर्षांत माझा बॉल डावीकडे कधी गेलाच नव्हता. मी उजवीकडच्या झाडीतला माणूस. तिथली झाडं मला ओळखतात, कुठल्या झाडाखाली बॉल सापडतो आणि कुठल्याखाली गेला की विषय सोडून द्यायचा हे मला आणि बॅग उचलून सोबत चालणाऱ्या माझ्या कॅडीला पाठ आहे. डावीकडे आम्ही दोघंही नवखे.

खेळतो कुठे, तर खारघरला, सिडकोने पांडवकड्याच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी कोर्स केलाय तिथे. मोठ्या क्लबची मेंबरशिप बिंबरशिप आपल्या खिशातली गोष्ट नाही, पैसे भरा आणि खेळा हे बरं पडतं. गोल्फ खेळतो म्हटलं की लोक उगाच वर बघतात, त्यांना वाटतं हा आता पांढरी पँट घालून येणार, पण रविवारी पहाटे साडेपाचला घरातले झोपलेले असताना चोरासारखं दार ओढून घ्यायचं, वाटेत टपरीवर चहा मारायचा आणि चिखलात जाऊन एका छोट्याशा पांढऱ्या बॉलचा अपमान सहन करायचा, ही श्रीमंती असेल तर असू दे.

जुना सेट मला ऑफिसातल्या एका सिनियरने दिला होता, म्हणजे विकला होता. तो अमेरिकेतून परत येताना घेऊन आला आणि सहा महिन्यांत त्याचा रस संपला. ब्लेड होते ते, म्हणजे पातळ पात्याचे, मागून सपाट, दिसायला अगदी देखणे. सुरुवात करणाऱ्याने ब्लेड घेऊ नयेत हे मला नंतर दहा जणांनी सांगितलं, पण घेताना एकानेही नाही. पात्याच्या मधोमध बॉल बसला तर लोण्यात सुरी गेल्यासारखं वाटायचं आणि जरा इकडेतिकडे बसला तर कोपरापर्यंत झिणझिण्या. हा मधोमधवाला शॉट सकाळभरात तीन-चार वेळा. बाकी झिणझिण्या.

शेवटी कोपर कायमचंच दुखायला लागलं, डबा उघडतानाही कळ यायची, म्हणून ग्रॅफाइट शाफ्टवाला, म्हणजे ग्रॅफाइटच्या दांड्याचा, हलका सेट घ्यायचं ठरलं. बायको म्हणाली, जुन्यांना काय झालंय? म्हटलं त्यांना काही नाही गं, मला झालंय. किंमत तिने विचारली नाही आणि मीही सांगायची घाई केली नाही.

दुकानात सगळं फार छान असतं. एसी, हिरवी मॅट, समोर पडदा आणि बाजूला तो डबा जो बॉलचा वेग, उडण्याचा कोन, फिरकी सगळं मोजून स्क्रीनवर दाखवतो. मी जुन्या सात नंबरच्या आयर्नने मारले तर सरासरी १३५ यार्ड, आणि त्या पोराने हातात दिलेल्या नव्या सात नंबरने १५०. पोरगा म्हणाला, सर, पंधरा यार्ड, काहीही न करता. वय बावन्न, कोपर दुखतंय आणि कोणीतरी सांगतंय की काहीही न करता पंधरा यार्ड. मी कार्ड काढलं.

मॅटचं मला तेव्हा लक्षात यायला हवं होतं. क्लब बॉलच्या दोन इंच आधी आपटला तरी मॅटवरून घसरत पुढे जातो आणि बॉलला लागतोच, स्क्रीनला कळतही नाही तुम्ही काय पाप केलंय. तेच जुलैच्या ओल्या जमिनीत केलं की क्लब तिथेच रुततो, ढेकूळ बॉलपेक्षा लांब जातं आणि पँटवर नक्षी उमटते. आमच्याकडे त्याला फॅट मारला म्हणतात. नव्या सेटच्या पहिल्या रविवारी मी असे किती मारले ते मोजले नाहीत, पण घरी आल्यावर पँट थेट बादलीत टाकायला लागली.

तर तो पहिला शॉट. नवा सात नंबर, १४० यार्डांवर ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, वारा नाही. आवाज इतका गोड आला की मी मान वर करायच्या आधीच खूश झालो होतो. आणि बॉल बाणासारखा निघाला तो सरळ डावीकडच्या झाडीत. मी क्लबकडे बघितलं. माणूस नेहमी क्लबकडेच बघतो, टेनिसवाले रॅकेटकडे बघतात तसं. म्हटलं, मामा, हा क्लब डावीकडे ओढतोय.

मामा म्हणजे माझा कॅडी. साठीच्या आतबाहेर, सगळेच त्यांना मामा म्हणतात. गोल्फ कधी खेळले नाहीत पण बघितलंय भरपूर, आणि बोलतात मोजकं. त्यांनी बॅग खांद्यावर नीट केली आणि म्हणाले, "बॉल सरळच गेला, साहेब. तुम्हीच तिकडं तोंड करून उभे होता."

खाली बघितलं. माझे दोन्ही पाय, कंबर, खांदे, सगळं झाडीकडे रोखलेलं. 

झालं होतं काय, तर जुन्या ब्लेडने माझा बॉल उजवीकडे वळायचा, स्लाइस. सुरुवातीला तो दुरुस्त करायचा प्रयत्न केला असेल, आठवत नाही. नंतर मी सोपं केलं, थोडं डावीकडे तोंड करून उभा राहायला लागलो. मग डावीकडे उभं राहिलं की क्लब बाहेरून आत येतो आणि बॉल अजून जास्त वळतो, म्हणून अजून डावीकडे. असं करत करत अकरा वर्षांत मी निशाण्यापासून चांगला वीसेक यार्ड बाजूला फिरलो होतो आणि मला वाटत होतं मी सरळ उभा आहे. चूक आणि तिच्यावरची उपाययोजना यांचा संसार इतका सुरळीत चालला होता की त्यात तिसऱ्याने पडायची गरज नव्हती. मी तिसरा आणला, तोही पैसे मोजून.

नवे आयर्न बनवलेतच मुळी माझ्यासारख्यांसाठी. त्यांचं वजन मधे नसून काठाला असतं, परातीसारखं, मधे पातळ आणि कडेला जाड. त्यामुळे बॉल पात्याच्या टोकाकडे लागला तरी पातं हातात फार फिरत नाही. ही कल्पना ज्याने रुजवली तो कार्स्टन सोल्हाइम हा काही लोहार नव्हता की चॅम्पियन नव्हता, जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनियर होता. स्वतःचं पटिंग, म्हणजे ग्रीनवर बॉल भोकात ढकलणं, सुधारेना म्हणून त्याने गॅरेजमध्ये बसून १९५९ साली त्यासाठीचा क्लब, पटर, केला, बॉलला लागला की पिंग्ग आवाज यायचा, म्हणून कंपनीचं नावच पिंग. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. आपल्याला जमत नाही तर अवजार बदलू, हा विचार करणारा मी एकटा नाही आणि पहिलाही नाही, फक्त त्याचं जमलं.

शिवाय या नव्यांचं पातं शाफ्टच्या जरा मागे बसवलेलं असतं, ऑफसेट म्हणतात, म्हणजे बॉलला लागेपर्यंत पात्याला सरळ व्हायला किंचित जास्त वेळ मिळतो आणि स्लाइस कमी होतो. त्यात माझी उंची साडेपाच फूट, क्लब स्टँडर्ड मापाचे, त्यामुळे पात्याचं टोक हवेत आणि टाच, म्हणजे दांड्याकडची बाजू, जमिनीत, तसं झालं की बॉल अजून डावीकडे. सगळे मिळून मला उजवीकडच्या झाडीतून सोडवायला आलेले आणि मी आधीच डावीकडे तोंड करून बसलेला.

बरं, नंबरचं एक वेगळंच. त्या पंधरा यार्डांचं रहस्य मला नंतर कळलं. घरी गुगल करत बसलो तर माझ्या जुन्या सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे पात्याचा तिरपेपणा, ३५ अंश आणि नव्याचा २९. तो जितका कमी तितका बॉल लांब, आणि क्लबचा नंबरही तितका लहान. पन्नास वर्षांपूर्वीच्या सात नंबरचा तर ३७-३८ असायचा. म्हणजे ज्याच्यावर सात लिहिलंय तो खरा पाच-सहाच्या मधला कोणीतरी आहे. कंपन्यांचं म्हणणं, वजन खाली नेल्यामुळे बॉल आपोआप उंच उडतो म्हणून कोन कमी करावा लागतो, आणि ते खोटं नाही. पण छत्तीसच्या कमरेच्या पँटवर चौतीसचं लेबल लावलं की दुकानात बरं वाटतं, हेही खोटं नाही. गोल्फमध्ये आपापसात पहिला प्रश्न तोच, तू सात नंबरने किती मारतोस? सहाने किती हे कोणी विचारत नाही.

या लेबलाची वसुली मात्र खालच्या टोकाला होते. नव्या सेटमधला पिचिंग वेज, म्हणजे जवळच्या शॉटसाठीचा जास्त तिरप्या पात्याचा क्लब, ४३ अंशांचा आणि माझा वाळूतला वेज जुनाच, ५६ चा. मधे तेरा अंशांचं भगदाड. पिचिंगने मारला की ११५, वाळूतल्याने कसाबसा ८०, आणि ९५-१०० यार्डांवर, जिथून माझा बॉल ग्रीनवर बसण्याची थोडीफार आशा असते, तिथे हातात घ्यायला काहीच नाही. मग अर्धा स्विंग, पाऊण स्विंग असली कारागिरी. म्हणजे अजून एक वेज घेणं आलं. बॅगेत चौदाच्या वर क्लब ठेवता येत नाहीत असा नियम आहे, पण माझ्याकडे आहेत बारा, त्यामुळे नियमाची सबबही नाही.

या सगळ्यात मला आईचं लाटणं आठवत राहिलं. आम्ही डोंबिवलीची जागा सोडली तेव्हा सामानाच्या टेम्पोत ते कुठेतरी गेलं. बाबांनी दुसऱ्या दिवशी नवं आणलं, चांगलं शिसवी, आणि पुढचे पंधरा दिवस आम्ही पोळ्या खाल्ल्या त्या एकेक जिल्ह्याच्या आकाराच्या. आई, जिची पोळी ताटलीवर ठेवली तर कड जुळायची! बाबा म्हणाले लाटणं बदलून आणू का. ती म्हणाली, नको, हे सरळ आहे, जुनं एका अंगाला झिजलं होतं, त्यावर माझा हात बसला होता. यावरही बसेल. आणि पीठ मळायला घेतलं. मला तेव्हा हे काही विशेष वाटलं नव्हतं, मी फक्त गरम पोळी कधी मिळते ते बघत होतो.

हात बसायला मला अडीच महिने लागले. सरावाच्या रेंजवर जायचं, एक क्लब जमिनीवर निशाण्याच्या रेषेत आडवा ठेवायचा आणि पायाची बोटं त्याला जुळवून उभं राहायचं. ऐकायला किती सोपं! पण सरळ उभं राहिल्यावर मला इतकं विचित्र वाटायचं, जणू कोणी मला उजवीकडे ढकलून उभं केलंय, मोबाईलवर फोटो काढून बघितल्याशिवाय विश्वास बसेना. एका रविवारी पात्याच्या तळाला टेप लावून फळीवरून बॉल मारले, घासल्याची खूण सगळी टाचेकडे. मग सगळे क्लब दोन अंश वाकवून आणले. वाकवून म्हणजे अक्षरशः, शिकंज्यात धरतात आणि लांब दांडा लावून गड्याने जोर काढायचा. बघवत नाही. नव्या कोऱ्या वस्तूला कोणी पहार लावावी आणि आपण शेजारी उभं राहून अजून थोडं, अजून थोडं म्हणावं.

पण खरं अडलं ते वजनावर. जुना शाफ्ट एकटाच सव्वाशे ग्रॅमच्या वर, नवा सत्तरच्या आत. जड क्लबला मी वर नेऊन सोडायचो, खाली तो त्याच्या वजनाने यायचा, मला फक्त मधे पडायचं नाही एवढंच काम. नवा हलका क्लब वर जातो पटकन, आणि वर पोचला न पोचला तोच हात त्याला ओढतात, कंबर अजून वळलेलीच नसते. मग कधी बॉलच्या डोक्यावर, कधी जमिनीत. यूट्यूबवर लोक यासाठी एक-दोन-तीन मोजायला सांगतात, तीन हिस्से वर, एक हिस्सा खाली. माझं मोजणंच घाईचं, मी तीनही एकच्या वेगाने म्हणतो.

आषाढात मामा दोन आठवडे नव्हते, वारीला गेले होते. आले ते काळवंडून, पायाला पट्टी, चेहरा मात्र खुलून. माझे तीन-चार शॉट बघितले. मग म्हणाले, साहेब, घाई कोणाची आहे, मागं कोणी नाही. मनात म्हणा, ज्ञानोबा माऊली, आणि वर न्या. मग तुकाराम. मी म्हटलं, मामा, इथे? ते म्हणाले, मग काय देऊळच लागतं का?

म्हटलं. ज्ञानोबा माऊलीला क्लब आपोआप सावकाश वर गेला, कारण ते घाईत म्हणताच येत नाही, जीभ अडते, आणि माऊलीच्या ऊकारावर तो वरती क्षणभर थांबलाही. तुकाराम. ढेकूळ उडालं, पण बॉलच्या पुढचं उडालं, जसं उडायला पाहिजे तसं, पातळ, पोळीच्या पापुद्र्यासारखं. बॉल आधी आणि जमीन नंतर. कोपराला काही कळलंसुद्धा नाही.

आता बरं चाललंय. दर वेळी नाही, पण निम्म्याहून जास्त वेळा बॉल बघतोय तिकडे जातो, आणि डावीकडच्या झाडांशीही थोडी ओळख झालीये.

मागच्या रविवारी सहज म्हणून जुना सात नंबर बॅगेत टाकून नेला. का ते सांगता येणार नाही. शेवटच्या होलला काढला. हातात घेतल्यावर केवढा जड वाटला, आणि पातं एवढंसं, बटर नाईफ. याच्यावर मी अकरा वर्षं काढली? नव्या सवयीने पाय नीट निशाण्याच्या रेषेत जुळवले, खांदे सरळ, ज्ञानोबा मनात सुरू केलं, आणि सहज नजर मामांकडे गेली. त्यांनी माझ्या हातातल्या क्लबकडे बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं आणि काही न बोलता बॅग उचलून उजवीकडच्या झाडांकडे चालायला लागले.