कापसाच्या मुलखात लोकरीची कानटोपी

दत्तजयंतीच्या यात्रेतला सारंगखेड्याचा घोडेबाजार बघायचा म्हणून धुळ्याहून पहाटेची एसटी धरली. उन्हाळ्यात भाजून काढणारा खान्देश डिसेंबरात दात वाजवायला लावतो. दोंडाईच्याला गाडी खचाखच भरली. "बठ ना माय, जागा शे," म्हणत एका आजींनी पिशवी मांडीवर ओढली नि तिच्यातून सुया बाहेर काढल्या.

नातवाची कानटोपी चालली होती. कडेला दोन सुलट, दोन उलट, म्हणजे कड ताणली तरी कानाशी घट्ट बसते. गाडी खड्ड्यात आदळली तरी टाका सुटत नव्हता, आणि नजर मात्र खिडकीबाहेर, वेचणीला आलेल्या कापसावर.

सुयांवरचं विणकाम म्हणजे लोकर, थंड देश आणि बायका, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण जुन्यातले जुने नमुने मिळाले ते इजिप्तमध्ये, आणि तेही सुती! 11व्या ते 14व्या शतकांतले मोजे, निळीत रंगवलेल्या सुताची नक्षी घातलेले. त्याच सुमारास गुजरातचं छापील सुती कापडही कैरोजवळच्या फुस्तातला जात होतं. स्पेनमध्ये 1275 साली वारलेल्या एका राजपुत्राच्या थडग्यातून निघालेली रेशमी उशी तर इंचाला सुमारे 20 टाक्यांची. आजींच्या टोपीत मी मोजले, पाचच भरले.

1589 मध्ये इंग्लंडातल्या विल्यम ली या पाद्र्यानं मोजे विणणारं यंत्र काढलं. राणी एलिझाबेथनं त्याला हक्कपत्र नाकारलं, असं सांगतात. शेवटी तो यंत्र घेऊन फ्रान्सला गेला.

पेरूतल्या ताकिले बेटावर टोप्या पुरुषच विणतात, पोरं लहानपणीच शिकतात, हे मी आजींना सांगितलं. त्या पुढच्या बाकावर घोरणाऱ्या आजोबांकडे बघून पदराआड हसल्या.

"मग आपल्या कापसाच्या सुताची का नाही विणत?" मी विचारलं. त्यांचा हिशोब चोख होता: सुती टोपी दोन धुण्यांत ढिली पडते, वाळायलाही वेळ लावते, ही लुधियान्याची लोकर पोरानं चिखलात लोळवली तरी तशीच. लोकर कसली, सगळं अ‍ॅक्रेलिक. पण थंडीला ते कुठे कळतंय?

तापीचा पूल ओलांडला आणि कंडक्टर ओरडला, "सारंगखेडा!" आजी शहाद्याला जाणार होत्या, टोपीचं शेंडीपर्यंतचं काम तोवर उरकेल म्हणाल्या.