नाकातून सलाईन

जानेवारी 2020. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याजवळच्या ग्रामीण रुग्णालयात मी वैद्यकीय अधिकारी होते. ऑगस्टच्या महापुरामुळे त्या वर्षी हंगाम उशिरा सुरू झाला होता. तरी बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येऊन पोचल्या होत्या आणि कारखान्यामागच्या माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहिल्या होत्या. थंडी पडली की आमच्या ओपीडीत उलट्या-जुलाबाची दोन वर्षांच्या आतली मुलं वाढायची. पावसाळ्यातली साथ निराळी, तिच्यात थोरली माणसंही सापडतात. थंडीत मात्र आई-बाप ठणठणीत आणि मांडीवरचं लेकरू तेवढं गळालेलं, असं दिसलं की डोक्यात आधी रोटाव्हायरस यायचा, लहान मुलांना उलट्या-जुलाब लावणारा विषाणू.

त्या सकाळी मुकादमाच्या मोटारसायकलवर मागे बसून एक आई आली. स्वतःच विशीतली असेल. पदराखाली तेरा महिन्यांची मुलगी, वजन सात किलो. डोळे आत गेलेले, टाळू खोल, रडतेय पण डोळ्यांत पाणी नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती दोन सेकंदांहून जास्त वेळ तशीच उभी. चमच्याने पाणी दिलं तर ओठांवरून ओघळलं, गिळायचं भान नव्हतं.

"परवा ताप आला, मग ओकाया लागली. काल दुपारपासनं खालून नुसतं पाणी जातंय."

"रक्त? शेंबूड?"

"न्हाई मॅडम. पाण्यावानी."

आधी उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब, रक्ताचा पत्ता नाही. चित्र विषाणूचं होतं.

"काही पाजलंस का?"

"पाजलं की. मेडिकलवाल्यानं हेच दिलं," म्हणत तिने पिशवीतून टेट्रापॅक काढला. सफरचंदाच्या चवीचं पेय, त्यावर ठळक अक्षरांत ओआरएस. असले तीन पॅक संपले होते. ऊसतोडणीच्या मजुरीवर जगणाऱ्या घराने ते पैसे मोजून घेतले होते, याचा मला आजही राग येतो. खऱ्या ओआरएसमध्ये ग्लुकोज आणि सोडियम सारख्याच मापात असतात, लिटरला 75-75 मिलिमोल. आतड्याच्या पेशीत ही दोघं एकाच दारातून जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. रोटाने आतड्याचं अस्तर खरवडलं तरी हे दार बऱ्यापैकी चालू राहतं, सगळा उपचार त्यावरच उभा आहे. नुसती साखर जास्त ओतली तर ती आतड्यात पडून राहते आणि उलट अंगातलंच पाणी बाहेर ओढते. अशा पेयांच्या नावात ओआरएस लिहायला एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने, बंदी घातली ती ऑक्टोबर 2025 मध्ये.

अशा मुलाला शिरेतून रिंगर लॅक्टेट हे क्षारांचं सलाईन द्यायचं, यात दुमत नाही. पण शीर मिळेना. हात, पाय, घोटा, डोकं, सगळीकडे शोधून झालं. आमच्या सिस्टर लहान मुलांच्या शिरा लावण्यात जिल्ह्यात नावाजलेल्या, त्यांनीही मान हलवली. 108 ला फोन केला. गाडी दुसऱ्या केसवर गेली होती, यायला तासभर तरी लागणार होता.

मग नाकातून नळी घातली. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसची सरकारी पुडी पूर्ण रिकामी केली आणि किलोला तासाला 20 मिली, म्हणजे तासाला 140 मिली, या हिशेबाने सुरू केलं. पुस्तकात हे शेवटच्या ओळीत असतं, शीर मिळत नसेल तर म्हणून. वाचताना त्या ओळीवर कुणी थांबत नाही.

मुकादम दारात उभा होता. "मॅडम, सलाईन लावा ना. पावडरीनं काय व्हतंय?"

"हेच सलाईन आहे, नाकातून."

त्याला ते पटलं नाही, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. लटकवलेली बाटली दिसली नाही तर उपचार झाला असं कुणाला वाटतं?

मधे एकदा मुलीने ओकून टाकलं. दहा मिनिटं थांबून वेग कमी केला आणि पुन्हा सुरू केलं. सिस्टर दर थोड्या वेळाने नाडी बघत होत्या. तास होत आला तेव्हा त्याच म्हणाल्या, "मॅडम, पायाची शीर वर आलीय." इतका वेळ जी बोटांना लागतच नव्हती ती आता डोळ्यांना दिसत होती. सुई पहिल्या झटक्यात बसली. त्यानंतर रिंगर लॅक्टेट जोरात गेलं. रुग्णवाहिका आली तेव्हा मुलगी टक लावून सिस्टरकडे बघत होती, आणि तिने लंगोट ओला केलेला होता. लघवी झाली म्हटल्यावर मी गाडी परत पाठवली. दुपारी ती आईच्या अंगावर पिऊ लागली. आईने मला पहिला प्रश्न केला तो, "आज सोडता का? खाडा पडतोय." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक जण फडात नसेल तर दोघांचाही दिवस बुडतो, शिवाय घेतलेली उचल अंगावर असतेच. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिला थांबवताना मुकादमाशी जे बोलावं लागलं ते इथे लिहीत नाही.

रोटाची लस महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात आली 2019 मध्ये. पण ती सुरू झाली तेव्हा पेंटा-पोलिओच्या पहिल्या, दीड महिन्याच्या डोसला येणाऱ्या बाळांपासूनच. ही मुलगी आधीच्या हंगामात, डिसेंबरमध्ये जन्मलेली, म्हणजे काही महिन्यांनी हुकली. शेजारच्या कोपीत चार महिन्यांचं बाळ होतं, त्याला थेंब मिळाले होते आणि त्याला थोडी पातळ शी होण्यापलीकडे काही झालं नाही. यावरून मी काही सिद्ध करत नाही. रोटाव्हॅक या रोटाच्या भारतीय लसीच्या इथल्या चाचणीत पहिल्या वर्षी गंभीर आजारापासून संरक्षण मिळालं ते सुमारे 56 टक्के. म्हणजे लस घेतलेलं मूलही आजारी पडू शकतं.

मुलीच्या शीचा नमुना मेडिकल कॉलेजला पाठवला होता, त्यात रोटा निघाला. कोप्यांच्या त्याच ओळीतल्या आणखी एका मुलाचा नमुना मात्र निगेटिव्ह आला. जुलाब लावणारे दुसरे विषाणूही असतात: नोरो असेल, अ‍ॅस्ट्रो असेल, अ‍ॅडिनो 40-41 असेल. आमच्याकडे तेवढं शोधायची सोय नव्हती. सापडलं असतं तरी त्याला दिलं असतं तेच: पुडी, अंगावरचं दूध आणि झिंकची गोळी चौदा दिवस. अँटिबायोटिक या सगळ्यांवर सारखंच निरुपयोगी.

घरी सोडताना मुकादम पुन्हा आला. या खेपेला आवाज खाली होता. "मॅडम, त्या पुड्या कोयत्यामागं किती लागतील?" मी खोकंच दिलं. एक पुडी एका लिटरला, अर्धी करायची नाही, चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं, आणि शी धुतल्यावर हात साबणानेच, राखेने नाही. हे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. पुढच्या आठवड्यात त्याच माळावरून आणखी मुलं आली, पण चालत-बोलत, आणि येताना प्रत्येकाच्या आईने तांब्यात कालवलेली पुडी बरोबर आणली होती. एकीची फार घट्ट झाली होती. तिला तिथेच पुन्हा कालवून दाखवली.