चोवीस पिना

काँक्रीटचे बॅरियर रंगवायला आमच्या साइटवर माणसं असतात, जोडायला नसतात. रंग फोटोत दिसतो, पिन दिसत नाही.

कोकणातलं चौपदरीकरण, मे महिना, पावसाआधी मोरी उरकायची घाई. खोदकाम तीन मीटर खोल. बॅरियरची पाठ आणि खड्ड्याची कड यांत जेमतेम दोन फूट. तीन मीटरचा एक तुकडा पावणेदोन टनांच्या आसपास भरतो. हायड्रा क्रेनशिवाय हलत नाही, म्हणून सगळ्यांना तो पक्का वाटतो. पण गाडी आदळली की सुट्या तुकड्याला धरून असतं फक्त तळाचं घर्षण, आणि आमच्याकडे तळाखाली कच आणि धूळ. अमेरिकेतल्या चाचण्यांत सव्वादोन टनांची पिकअप ताशी १०० किलोमीटरने, २५ अंशांत आदळवतात. तुकड्यांच्या टोकांच्या कड्यांत पिन घालून सलग जोडलेली, पण जमिनीला न ठोकलेली रांगसुद्धा तिथे सुमारे २ मीटर सरकली आहे. आमच्याकडे दोन फूट!

म्हणून ठोकायचं ठरवलं. रस्त्याकडच्या पायथ्याला भोकं असतात, त्यांतून थेट डांबरात पिन, दर तुकड्याला ३. स्टोअरमध्ये निघाल्या २४. बाकीच्या कधीच भंगारवाल्याकडे पोचलेल्या. खड्ड्यासमोरचे आठ तुकडे ठोकले. त्याआधीचे सहा तसेच, कड्याही न जोडता.

तिसऱ्या रात्री आंब्याची पिकअप नेमकी शेवटच्या सुट्या तुकड्यावर आली. तो दारासारखा मागे फिरला आणि ठोकलेल्या पहिल्या तुकड्याचं तोंड उघडं पडलं. गाडी त्या तोंडावर बसली. तुकडा वीतभर सरकला, डांबर फाटलं, पिना वाकल्या पण सुटल्या नाहीत. पेट्या खड्ड्यात, गाडी वर. ड्रायव्हरचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला.

"तुमच्यामुळे वाचला," साहेब म्हणाले. खरंय. सगळी रांग सुटी असती तर तो खड्ड्यात गेला असता. पण सैल रांगेतून एकदम घट्ट रांगेत आणून त्याच्यासमोर भिंतीचं टोक मीच उभं केलं. आवळत न्यायला हवं होतं: खड्ड्याच्या आधीच्या तुकड्याला १ पिन, पुढच्याला २, मग सात तुकड्यांना ३-३. कड्यांसाठी सळईचे तुकडे यार्डात पडलेलेच होते.

ही बेरीज मी दवाखान्याबाहेर बसून केली. तीही चोवीसच भरते.

अहवालात मी 'साहित्य अपुरे' असं लिहिलंय.