बिल्ला परत आला का? सेफ्टीच्या कामाची नोंद, भाऊबीज ते फाल्गुन

मागच्या सीझनच्या शेवटी क्लबच्या सभेला मी वीस मिनिटं उशिरा पोहोचले. तेवढ्यात माझ्या गळ्यात 'सेफ्टी'चं काम बांधून मंडळी चहाकडे वळली होती. आमचा सेलिंग क्लब लहान, कुलाब्याच्या बंदराकडच्या बाजूला. सात एंटरप्राइज (दोघांनी चालवायची शिडाची होडी), पाच ऑप्टिमिस्ट (मुलांची छोटी होडी), एक इंजिनाची सेफ्टी बोट, आणि ती चालवणारे नाखवा, ज्यांचा पाण्यातला अनुभव आम्हा सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त. दुसऱ्या क्लबांतही असंच काम कुणाच्या तरी गळ्यात पडलं असणार, त्यांच्यासाठी ही नोंद.

भाऊबीज

सीझनची सुरुवातच वाईट झाली. आमच्यातले दोघं भाऊ-बहीण ओवाळणी, जेवण उरकून अडीचला एंटरप्राइज घेऊन निघाले. खारा वारा छान होता. पाचच्या सुमारास तो एकदम पडला. सेफ्टी बोट एक फेरी मारून आली, "सगळे आत" असं कुणीतरी म्हणालं, आणि बोट बांधली. सव्वासहाला दादरहून त्यांच्या आईचा फोन आला: "पोरं निघाली का?" स्लिपवर, म्हणजे होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर, एक ट्रॉली रिकामी होती. ती तासभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

नाखवांनी ट्रॉलीकडे पाहिलं, मग पाण्याकडे. "ताई, बीजेचं पानी हाय. पोरं खाली गेली असतील."

तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते हे ज्यांना पाठ आहे त्यांना पुढचं सांगायला नको. द्वितीया म्हणजे दीडची भरती, साडेसातपर्यंत ओहोटी. अमावास्येनंतर दीडदोन दिवस उधाण जोरात असतं, आणि मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. ओहोटीच्या सहा तासांचे बारा भाग केले तर पहिल्या तासाला एक भाग पाणी जातं, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग परत दोन आणि एक. म्हणजे साडेतीन ते साडेपाच या दोन तासांत अर्धं बंदर बाहेर ओढलं जात होतं, आणि नेमका तेव्हाच वारा पडला. शीड लोंबकळलं की होडी म्हणजे ओंडका.

पावणेसातला ती दोघं कुलाब्याच्या टोकाशी असलेल्या प्रॉन्ग्सच्या दीपगृहाच्या अलीकडे सापडली. एकच वल्हं होतं, ते आळीपाळीने मारत होती. त्यांच्याकडे ना टॉर्च, ना शिट्टी. फोन होता, पण पाणी जाऊन बंद पडलेला. कोस्ट गार्डचा 1554 मी फोनवर टाइप करून ठेवला होता, बटण दाबायचं बाकी होतं. आता वाटतं, सव्वासहालाच दाबायला हवं होतं. अंधार पडल्यावर शोधणाऱ्याचं काम दसपट होतं, आणि चुकून बोलावलं म्हणून कुणी रागावत नाही.

परत येताना ताईसाहेब भावाला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी साडी दे, सेलिंग नको." सगळे हसले. मी नाही हसले.

कार्तिक संपता संपता

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच केला, व्हॉट्सॲप ग्रुप. 'पोहोचल्यावर मेसेज टाका.' तीन रविवारांत फज्जा. एकाने अंगठा दाखवला तो पाण्यात असतानाच, एकीने घरी पोहोचल्यावर टाकला, बाकीचे विसरले.

मग बिल्ले. लोहार चाळीतून पितळी बिल्ले आणले, नंबर ठोकून घेतले, स्लिपच्या तोंडाशी खिळ्यांची पाटी लावली. जाताना आपला बिल्ला काढायचा, लाइफ जॅकेटला अडकवायचा, आल्यावर परत खिळ्यावर. खिळा रिकामा म्हणजे माणूस पाण्यात. पाटी पूर्ण भरल्याशिवाय नाखवा सेफ्टी बोट बांधत नाहीत, हा एकच नियम. खाणीत कामगारांची मोजणी पूर्वीपासून अशीच होते, यात माझी हुशारी काही नाही. पाटीच्या वर त्या दिवशीची तिथी, भरतीची वेळ आणि 'शेवटची होडी आत: सूर्यास्ताआधी पाऊण तास' एवढं खडूने लिहितो. खाली 1554 रंगवून घेतला.

ज्येष्ठ मंडळींना हे शाळेसारखं वाटलं. एकांनी दोनदा बिल्ला घरी नेला. दोन्ही वेळा नाखवांनी त्यांना फोन लावून, बोट परत काढायला लागेल अशी विचारपूस केली. तिसऱ्यांदा नेला नाही.

सेफ्टी बोटीच्या इंजिनाची किल कॉर्डही याच महिन्यात बदलली. जुनी दोरी गाठ मारून आखूड केलेली होती आणि बहुतेक वेळा थ्रॉटललाच गुंडाळलेली असायची. चालवणारा पाण्यात पडला तर दोरी सुटून इंजिन बंद व्हायला हवं, नाहीतर रिकामी बोट गोल फिरत त्याच माणसावर येते. 2013 मध्ये इंग्लंडमध्ये पॅडस्टोजवळ असंच होऊन एकाच कुटुंबातले दोघं गेले. नवी दोरी मांडीला, आणि एक जादा दोरी डब्यात, कारण चालवणाराच पडला तर मागे राहिलेल्याला इंजिन चालू करायला दुसरी लागते.

मार्गशीर्ष

जॅकेटं तपासली. फोमचं जॅकेट दिसायला चांगलं राहतं आणि आतून मरतं. मोठ्या मापाच्या बॉयन्सी एडची (आपण डिंगीत, म्हणजे छोट्या होडीत, घालतो ते हलकं जॅकेट) तरंगण्याची ताकद किमान 50 न्यूटन, म्हणजे पाण्यात साधारण पाच किलो ओढ पेलायला हवी. लोखंडाचं वजन पाण्यात आठवा हिस्सा हलकं लागतं, म्हणून जिमच्या पावणेसहा किलोच्या प्लेटा बांधून स्लिपवरून सोडली. मोठ्या मापाच्या बावीसपैकी सहा बुडाली. त्यातलं एक माझं. त्या सहांच्या पट्ट्या कापूनच टाकल्या, नाहीतर 'पाहुण्यांसाठी' म्हणून कुणीतरी परत खुंटीवर लावतं.

याच महिन्यात 18 डिसेंबर आला. 2024 ला त्या दिवशी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' फेरीबोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि 15 जणांचा जीव गेला. आम्ही सेलिंग करतो ते पाणी तिथून दिसतं. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर जॅकेट सक्तीचं झालं. आमच्याकडे 'मला पोहता येतं' म्हणणाऱ्यांचा आवाजही तेव्हापासून बारीक झाला आहे. डोक्याला बूम (शिडाच्या खालची आडवी काठी) लागून शुद्ध हरपलेल्या माणसाला पोहता येत नाही. मात्र हेही खरं की 50 न्यूटनचं जॅकेट बेशुद्ध माणसाचं तोंड वर फिरवेलच असं नाही, त्यासाठी 150 वालं लागतं, आणि ते घालून डिंगीत वाकता येत नाही. म्हणजे जॅकेट घातलं तरी सेफ्टी बोट जवळ लागतेच.

फेरीच्या वाटेचा वाद अजून मिटलेला नाही. आपल्यातले काही 'इंजिनवाल्याने शिडाला वाट द्यायची' हे अर्धंच पाठ करतात. समुद्रातल्या टकरी टाळायच्या त्याच आंतरराष्ट्रीय नियमावलीचा नववा नियम म्हणतो की अरुंद चॅनलमध्ये, चॅनलबाहेर जाऊ न शकणाऱ्या जहाजाची वाट शिडाच्या होडीने अडवायची नाही. माझं मत स्पष्ट आहे: फेरीची वाट काटकोनात, एका दमात ओलांडा, आणि वारा मंद असेल तर ओलांडूच नका.

पौष

मुलांचा वर्ग सुरू. ऑप्टिमिस्टमध्ये आठ ते तेरा वयाची नऊ पोरं. इथे पाण्यापेक्षा जमिनीवरच्या नियमांनी जास्त भांडण झालं. कपडे बदलायच्या खोलीत कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर असणार नाही. सेफ्टी बोटीत मुलं असतील तर मोठी माणसं दोन. मुलाला वेगळा मेसेज नाही, ग्रुपमध्ये पालक हवेतच. फोटो पालकांना विचारून.

एक जुने सदस्य, ज्यांनी मलाही सेलिंग शिकवलं, फार दुखावले. "आता आमच्यावर संशय?" मी म्हटलं, "काका, नियम तुमच्यासाठी नाही, तुमच्यानंतर येईल त्याच्यासाठी आहे. आणि काही कानावर आलं तर आपसात मिटवायची मुभाच नाही, 2012 च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे." ते दोन आठवडे आले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात आले, आणि स्वतःहून दुसऱ्या काकांना बोटीत घेऊन बसले. त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

दम्याचे पंप आता नाव लिहून सेफ्टी बोटीच्या डब्यात असतात.

माघ-फाल्गुन

दुपारचा वायव्येचा वारा तापायला लागला, तसं मुद्दाम होड्या पालथ्या करून सरावाला घेतलं. आडवी पडलेली एंटरप्राइज सेंटरबोर्डवर (तळातून खाली जाणारी फळी) उभं राहून सगळेच सरळ करतात. पूर्ण पालथी झाली की मजा संपते. डोलकाठीत पाणी भरतं, आणि ओहोटीला आपल्या बंदरात टोक चिखलात रुततं. एकदा तर नाखवांना दोर बांधून उलट्या दिशेने हळूहळू ओढावी लागली. घाईने ओढली असती तर काठी वाकली असती.

सरावात पहिला प्रश्न 'होडी कशी आहे' हा नाही, 'डोकी किती' हा. 2011 मध्ये अमेरिकेत ॲनापोलिसला 420 नावाची दोघांची होडी पालथी होऊन चौदा वर्षांची मुलगी ट्रॅपीजच्या (होडीबाहेर लटकायच्या तारेच्या) हार्नेसमुळे खाली अडकून गेली. म्हणून सेफ्टी बोटीत आता बोथट टोकाचा चाकू दोरीने बांधलेला आहे, आणि दोन्ही डोकी दिसली नाहीत तर सरळ पाण्यात उडी, होडीचा विचार नंतर.

अडलेलं काम: होडी पूर्ण पालथी होऊ नये म्हणून डोलकाठीच्या टोकाला लावायचे तरंगे. विकतचे सातही होड्यांना परवडत नाहीत. पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन, झाकण सील करून, टोकाला बांधून बघायचा आहे. वाऱ्याला किती अडेल कळत नाही. कुणी केलं असेल तर कसं बांधलं ते सांगा. आम्ही येत्या रविवारी करतोय. अष्टमी आहे, भरती संध्याकाळी सहाला, म्हणजे दुपारभर पाणी आत येणार आणि तेही भांगाचं, म्हणजे कमी जोराचं.